सेंट पॅनक्रासचा कौल आणि घराचे भाडे

मे १९६२ मध्ये लंडनच्या सेंट पॅनक्रास या बरोतील, म्हणजे शहराच्या एका भागाचा कारभार पाहणाऱ्या नगरपालिकेतील, मतदारांनी तीन वर्षे सत्तेवर असलेल्या हुजूर पक्षाला घरी बसवले आणि मजूर पक्षाला भक्कम बहुमत दिले. निवडणुकीत मुद्दे अनेक असतात, पण या निवडणुकीपुरता वाद जवळजवळ एकाच गोष्टीभोवती फिरत होता, आणि ती गोष्ट म्हणजे कौन्सिलने बांधलेल्या घरांचे भाडे. भाडेआकारणीची नवी पद्धत जावी म्हणून लोकांनी सत्ताधारी बदलले. सत्ताधारी बदलले, पद्धत मात्र मुळापासून गेली नाही. तीन वर्षांनी ती कौन्सिलही उरली नाही, कारण १ एप्रिल १९६५ रोजी हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पॅनक्रास या तीन बरो विसर्जित होऊन त्यांच्या जागी कॅम्डेन ही एक मोठी बरो आली.

बरखास्त झालेल्या एखाद्या स्थानिक संस्थेच्या निवडणुकांचा इतिहास वाचायचा म्हणजे वर्ष, पक्ष आणि जागा यांचे तक्ते पाहायचे, अशी आपली सवय असते. माझे म्हणणे असे आहे की या तक्त्यात एक रकाना नेहमी राहून जातो, आणि तो भरल्याशिवाय बाकीच्या रकान्यांचा अर्थ लागत नाही. निवडून आलेल्या सभेच्या हातात त्या वर्षी नेमके कोणते अधिकार होते, हा तो रकाना. सेंट पॅनक्रासची हकीकत त्यासाठी फार उपयोगी आहे. एक तर ती शंभरांहून अधिक वर्षांची आहे, आणि दुसरे म्हणजे मतदारसंख्या वाढत जाणे आणि अधिकार कमी होत जाणे या दोन्ही गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी घडताना दिसतात.

सेंट पॅनक्रास ही मुळात एक लांबट, अरुंद पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीवरून ठरलेला कारभाराचा विभाग. दक्षिणेला ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या जवळून निघून यूस्टन, सॉमर्स टाउन, कॅम्डेन टाउन, केंटिश टाउन असे करत ती थेट हायगेटच्या टेकडीपर्यंत जाते. यूस्टन, सेंट पॅनक्रास आणि किंग्ज क्रॉस ही तिन्ही मोठी रेल्वे स्थानके तिच्याच हद्दीत आली, आणि ती बांधताना गरिबांच्या वस्त्या उठल्या त्याही तिच्याच हद्दीतल्या. पॅरिशचा कारभार ‘वेस्ट्री’ नावाच्या सभेकडे असे. १८१९ च्या एका स्थानिक कायद्याने ही सभा निवडक मंडळींची झाली. जागा रिकामी झाली की उरलेल्यांनीच ती आपल्या पसंतीने भरायची, करदात्यांना विचारायचे कारण नाही. याविरुद्ध इथल्या जहाल मंडळींनी जी चळवळ केली ती लंडनभर गाजली. १८३१ मध्ये हॉबहाउस यांचा वेस्ट्री कायदा आला, त्याने पॅरिशला वाटल्यास करदात्यांकडून सभा निवडून घेण्याची मुभा दिली, आणि ज्या मोजक्या पॅरिशनी ती घेतली त्यांत सेंट पॅनक्रास होती. करदाती स्त्रीही या निवडणुकीत मत देऊ शके. पार्लमेंटच्या मतदानात बंद पेटीतली पद्धत १८७२ मध्ये आली; या कायद्यात गुप्त मतदानाची सोय चार दशके आधीच होती. इंग्लंडची लोकशाही वरून खाली झिरपत आली असे आपल्याकडे शिकवले जाते, त्याच्याशी हे जुळत नाही.

१८९४ च्या कायद्याने स्त्रियांना वेस्ट्रीवर निवडून येण्याचाही हक्क मिळाला. नंतर १८९९ चा लंडन गव्हर्नमेंट कायदा झाला, वेस्ट्र्या जाऊन १९०० मध्ये अठ्ठावीस मेट्रोपॉलिटन बरो आल्या, आणि या सुधारणेच्या धांदलीत स्त्रियांचा सभासद होण्याचा हक्क काढून घेण्यात आला. तो परत मिळायला १९०७ उजाडले. मत देता येते पण बसता येत नाही, अशी ती सात वर्षे. नव्या बरोत आठ वॉर्ड, साठ नगरसेवक आणि नगरसेवकांनीच निवडलेले दहा आल्डरमन होते. म्हणजे एका वॉर्डातून सरासरी सात-आठ जण निवडून जायचे, आणि जितक्या जागा तितकी मते मतदाराला द्यायची असायची. बहुतेक मतदार एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांपुढे फुल्या मारत, त्यामुळे थोडी मते इकडची तिकडे झाली तरी वॉर्डच्या वॉर्ड उलटत असे. मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या महापालिकांत २०१२ ला दोन सदस्यांचा, २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग झाला, तेव्हाच्या वादात हीच तक्रार ऐकू येत होती. आपल्याकडे प्रभागातली प्रत्येक जागा वेगळी लढवली जाते हा फरक मात्र मोठा आहे.

जॉर्ज बर्नार्ड शॉ १८९७ मध्ये या वेस्ट्रीवर आला, तोही पक्षांच्या आपसांतल्या समझोत्याने, बिनविरोध. पुढे बरो झाल्यावर तो नगरसेवक झाला आणि १९०३ पर्यंत राहिला. नाटककार म्हणून जगाला माहीत असलेला हा माणूस सहा वर्षे गटारे, साथीचे रोग, वीज आणि घरे यांच्या समित्यांवर नेमाने बसत होता. कॅम्डेन टाउनमध्ये स्त्रियांसाठी सार्वजनिक शौचालय असावे म्हणून तो भांडला, आणि ज्या सभेतून स्त्रियांना नुकतेच बाहेर काढले होते त्या सभेत ही मागणी किती हास्यास्पद ठरवली गेली असेल याची कल्पना करता येते. १९०४ मध्ये लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत याच भागातून तो उभा राहिला आणि पडला. ज्या सभेत शॉ बसत होता ती सभा स्वतःची वीज तयार करून विकत होती. सेंट पॅनक्रास वेस्ट्रीने १८९१ मध्येच रीजंट्स पार्कजवळ आपले वीजघर सुरू केले होते, आणि असे करणारी ती लंडनमधली पहिली वेस्ट्री. विजेचा दर काय असावा, नफा घरपट्टी कमी करण्यासाठी वापरावा की तारा गरीब वस्तीत नेण्यासाठी, हे प्रश्न त्या सभेत मतदानाने सुटत. मतदार थोडे होते, स्त्रियांना उमेदवारी नव्हती, पण जो निवडून येई त्याच्या हातात खरोखरच काहीतरी असे.

दोन महायुद्धांच्या मधल्या बहुतेक काळात इथे म्युनिसिपल रिफॉर्म या नावाने लढणाऱ्या, म्हणजे वस्तुतः हुजूर पक्षाच्या, मंडळींचा जोर राहिला. त्याचे एक कारण मतदारयादीत आहे. १९१८ नंतरही स्थानिक निवडणुकीतले मत घर किंवा जागा ताब्यात असण्याशी बांधलेले होते. सामानसुमानासह भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणारा बिऱ्हाडकरू, आईवडिलांच्या घरी राहणारी कमावती मुलगी, यांना पार्लमेंटसाठी मत होते, बरोसाठी नव्हते. यूस्टन आणि कॅम्डेन टाउनच्या आसपास खोल्या भाड्याने देण्याचाच धंदा चालत असलेल्या या बरोत अशी माणसे किती असतील! उलट, बाहेर राहून इथे दुकान किंवा कचेरी चालवणाऱ्याला मात्र मत होते. १९४५ च्या कायद्याने पार्लमेंटच्या मतदाराला स्थानिक मतही दिले, तेव्हा हे चित्र बदलले.

याच प्रतिकूल काळात, नोव्हेंबर १९३४ मध्ये, मजूर पक्षातर्फे व्ही. के. कृष्ण मेनन सेंट पॅनक्रासचे नगरसेवक झाले आणि १९४७ मध्ये भारताचे उच्चायुक्त होईपर्यंत राहिले. १९३७ मध्ये त्यांच्या शेजारी बार्बरा बेट्स नावाची एक तरुणी येऊन बसली. पुढे बार्बरा कासल या नावाने ती ब्रिटनच्या मंत्रिमंडळात पोहोचली. मेनन ग्रंथालय समितीचे अध्यक्ष होते, आणि बरोतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाढीचे श्रेय आजही त्यांना दिले जाते. नगरसेवक म्हणून एवढे करता येत होते, कारण पुस्तकांवर किती पैसे खर्चायचे हे ठरवणारी समिती कौन्सिलचीच होती. १९५५ मध्ये बरोने त्यांना आपले मानाचे नागरिकत्व दिले, जे तिने १९४६ मध्ये शॉला दिले होते.

मेनन यांचे नाव निघाले की मराठी वाचकाला मुंबई आठवणे स्वाभाविक आहे. उत्तर मुंबईतून १९५७ मध्ये आणि, आचार्य कृपलानींविरुद्धच्या गाजलेल्या लढतीत, १९६२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली, ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांचे लगेच निधन झाले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, आणि मेनन पुन्हा हरले. नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेने ‘बाहेरचा माणूस’ म्हणून त्यांच्याविरुद्ध केलेला प्रचार त्या पराभवामागे होता, हे सगळ्यांना माहीत आहे. एका परक्या देशातल्या वॉर्डाने तेरा वर्षे सांभाळलेल्या माणसाला मुंबईने परका ठरवले, एवढेच सांगून थांबण्याचा मोह होतो. पण तुलना तशी न्याय्य नाही. सेंट पॅनक्रासने त्यांना ग्रंथालये चालवायला निवडले होते, मुंबईने देशाच्या संसदेत पाठवायचे की नाही हे ठरवले. काम छोटे आणि डोळ्यांसमोर असते तेव्हा मतदार उमेदवाराचे गाव कमी विचारतो, असे मला वाटते.

सप्टेंबर १९३९ नंतर निवडणुका थांबल्या आणि १९३७ ची सभा १९४५ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, बसली. लंडनवर बॉम्ब पडत होते. मतदान झाले नाही, तरी सभा भरत होती आणि निवारे, बेघर झालेली कुटुंबे, आगीचे पहारे यांचे निर्णय निवडून आलेले लोकच घेत होते. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये, वाढलेल्या मतदारयादीसह झालेल्या पहिल्या निवडणुकीत मजूर पक्षाने सेंट पॅनक्रास जिंकली. पण तक्त्यातला तो राहिलेला रकाना इथे पाहावा. एप्रिल १९४८ मध्ये वीज राष्ट्रीय मालकीची झाली आणि अर्धशतकापूर्वी वेस्ट्रीने उभारलेले वीजखाते कौन्सिलच्या हातून गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आली. दोन्ही निर्णय मजूर पक्षाच्याच सरकारचे, आणि देशाच्या दृष्टीने त्यांचे समर्थन करता येते. आरोग्यसेवेचे तर करायलाच हवे. परंतु ज्या लोकांना पहिल्यांदाच स्थानिक मत मिळाले होते त्यांनी निवडलेल्या पहिल्या सभेकडून, तिची मुदत संपण्याच्या आत, वीज काढून घेतली गेली. राहिले काय? रस्ते, स्नानगृहे, ग्रंथालये आणि घरे. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या बरोत घरे हा सर्वांत मोठा विषय होता, त्यामुळे पुढचे सगळे राजकारण भाड्यावर येऊन ठेपले यात नवल नाही.

भाड्याचे गणित समजून घेतले नाही तर १९६२ चा गुंता उलगडत नाही. कौन्सिल कर्ज काढून घरे बांधी. कर्जाचे व्याज तीन ठिकाणांहून भागे: भाडेकरूंचे भाडे, केंद्र सरकारचे अनुदान आणि घरपट्टी. १९५६ मध्ये सरकारने सर्वसाधारण गरजेच्या नव्या घरांवरचे अनुदान बंद केले, व्याजाचे दरही चढले. आता तूट भाडेकरूने भरायची की सगळ्या करदात्यांनी, असा सरळ संघर्ष उभा राहिला. हा संघर्ष राजकीय आहे, त्याला कोणतेही एक शास्त्रशुद्ध उत्तर नाही, आणि म्हणूनच तो मतपेटीतून सुटावा यासारखे योग्य काही नव्हते.

१९५६ मध्ये निवडून आलेल्या मजूर बहुमताने, जॉन लॉरेन्स यांच्या नेतृत्वाखाली, आपले उत्तर स्पष्टपणे दिले. भाडी वाढवायची नाहीत. १९५७ च्या भाडे कायद्याने खाजगी घरमालकांवरचे नियंत्रण सैल केले तेव्हा, कौन्सिलच्या ताब्यात असलेल्या खाजगी घरांतल्या बिऱ्हाडांवर ती वाढ लादण्यास या कौन्सिलने नकार दिला. अणुबॉम्बपुढे नागरी संरक्षण हा देखावा आहे असे म्हणून त्यावरचा खर्चही तिने थांबवला. १ मे १९५८ रोजी टाउन हॉलवर लाल निशाण चढले, आणि वर्तमानपत्रांना आठवडाभराचा मजकूर मिळाला. निशाणाचा तो प्रकार मला बालिश वाटतो. भाड्याच्या प्रश्नावर जे करदाते काठावर होते त्यांना दूर ढकलण्यापलीकडे त्याने काही साधले नाही, आणि लॉरेन्स यांना त्यांच्याच पक्षाने बाहेर काढले. मात्र कौन्सिलवर खरा घाव निशाणामुळे बसला नाही, तो सरकारी लेखापरीक्षकाकडून बसला. न वाढवलेले भाडे म्हणजे बरोचे नुकसान, आणि नुकसानीला मत देणारे नगरसेवक स्वतःच्या खिशातून जबाबदार, असे त्याने ठरवले आणि त्यांच्यावर वैयक्तिक वसुली लावली.

या वसुलीला लंडनमध्ये परंपरा होती. पॉप्लर बरोचे तीस नगरसेवक १९२१ मध्ये, श्रीमंत आणि गरीब बरोंवरचा कराचा बोजा विषम आहे म्हणून वरच्या संस्थांचा वाटा देण्याचे नाकारून, तुरुंगात गेले होते. त्याच पॉप्लरने आपल्या कामगारांना आठवड्याला चार पौंड किमान वेतन दिले, तेव्हा १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयाने, ते बेकायदा ठरवले. करदात्यांच्या पैशाचे आपण विश्वस्त आहोत हे नगरसेवकांनी विसरता कामा नये, हा त्या निकालाचा गाभा. विश्वस्ताची ही कल्पना ऐकायला चांगली वाटते. पण तिच्यात मतदार फक्त पैसे भरणारा म्हणून दिसतो. त्याच मतदाराने जाहीरनामा वाचून, महाग पडेल हे जाणून, एखाद्या धोरणाला मत दिले असेल तर काय, याचे उत्तर तिच्यात नाही. १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने जाहीरनाम्यात कबूल केल्याप्रमाणे बस आणि भुयारी रेल्वेची भाडी उतरवली, तीही याच तत्त्वाच्या आधारे लॉर्ड्सनी रद्द केली.

मे १९५९ मध्ये हुजूर पक्ष सेंट पॅनक्रासमध्ये निवडून आला. त्याने भाडेकरूच्या उत्पन्नाप्रमाणे भाडे ठरवण्याची योजना आणली, ती १९६० च्या सुरुवातीपासून लागू झाली. या पक्षालाही लोकांनीच निवडले होते, आणि ज्याला परवडते त्याने जास्त द्यावे यात तत्त्वतः काही गैर नाही, हे मान्य करावे लागेल. मी त्या बरोत करदाता असतो तर कदाचित योजनेच्या बाजूने बोललो असतो. पण भाडेकरूंच्या आठवणीत १९३० च्या दशकातली बेकारभत्त्यासाठीची उत्पन्नचौकशी ताजी होती, जिच्यात घरातल्या मुलाची कमाई मोजून बापाचा भत्ता कापला जाई. पुन्हा कोणीतरी दारात येऊन पगाराची चिठ्ठी मागणार, हा राग पैशाच्या रागाइतकाच मोठा होता. भाडेकरूंची संघटना उभी राहिली आणि अनेकांनी जुने भाडे देत राहून फक्त वाढ रोखून धरली.

कौन्सिल न्यायालयात गेली. २२ सप्टेंबर १९६० रोजी पहाटे बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा हुकूम बजावणारे अधिकारी, आणि शेकडो पोलीस दोन भाडेकरूंना घराबाहेर काढण्यासाठी आले. केंटिश टाउनमधल्या केनिस्टन हाउसमध्ये दारांमागे जुने सामान रचून अडसर उभे केले होते. बेलिफ छपरातून उतरले. त्या दिवशी संध्याकाळी टाउन हॉलकडे निघालेल्या जमावावर घोडेस्वार पोलीस गेले, आणि गृहमंत्री बटलर यांनी सेंट पॅनक्रासमध्ये तीन महिने मोर्चांना बंदी केली. नगरपालिकेच्या भाड्यावरून लंडनच्या मध्यात मोर्चाबंदी! आंदोलन दमले, पण रागाला एक तारीख सापडली होती, ती म्हणजे मे १९६२ ची निवडणूक. पोलिसांशी भांडून जे मिळाले नाही ते मतपेटीतून मिळेल, असे भाडेकरूंना सांगण्यात आले, त्यांनी ते मानले आणि त्याप्रमाणे मत दिले.

पुढे काय झाले ते सुरुवातीलाच सांगितले आहे. नव्या मजूर सभेतल्या मंडळींनी विश्वासघात केला, असे तेव्हाचे डावे आजही म्हणतात. मला ते अर्धेच पटते. ज्या पक्षाच्या नगरसेवकांवर काहीच वर्षांपूर्वी वैयक्तिक वसुली लागली होती, ज्यांना वकिलांनी सांगितले की योजना सरसकट रद्द केली तर पुन्हा तीच वेळ येईल, त्यांच्यासमोर घरदार पणाला लावणे किंवा वचन गिळणे एवढेच पर्याय उरले होते. त्यांचा खरा दोष निवडणुकीनंतरचा नाही, आधीचा आहे. आपल्याला हे करता येईल की नाही याची शंका त्यांना प्रचाराच्या वेळीही असायला हवी होती, आणि ती त्यांनी मतदारांना सांगितली नाही. मतदाराला फसवण्याचा हा प्रकार लाच देण्यापेक्षा वाईट, कारण त्यामुळे मत देण्याची क्रियाच त्याला निरर्थक वाटू लागते.

मग बरो मोठ्या केल्या की अधिकार वाढतील, असा युक्तिवाद झाला. सेंट पॅनक्रासची वस्ती १९०१ मध्ये २,३५,००० च्या आसपास होती, ती १९६१ पर्यंत सव्वा लाखावर आली होती, तेव्हा विलीनीकरणाला आकड्यांचा आधार होता. ७ मे १९६४ रोजी कॅम्डेनची पहिली निवडणूक झाली. मजूर ३४, हुजूर २६. हॅम्पस्टेडचे सुखवस्तू मतदार आणि सॉमर्स टाउनचे भाडेकरू एका सभेत आले, आणि सेंट पॅनक्रासचा टाउन हॉल कॅम्डेनचा झाला. आकार वाढला, भाड्यावरचा ताबा मात्र वाढला नाही. १९७२ च्या कायद्याने सरकारने सगळ्या कौन्सिलांना भाडी वाढवणे सक्तीचे केले. डर्बीशरमधल्या क्ले क्रॉस या चिमुकल्या कौन्सिलने शेवटपर्यंत नकार दिला, तिच्या अकरा नगरसेवकांवर वसुली लागली, ते अपात्र झाले, आणि १९७४ च्या पुनर्रचनेत ती कौन्सिलही नकाशावरून गेली. नगरसेवकांवरची वैयक्तिक वसुली इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने रद्द झाली, तोपर्यंत तिची गरजही संपली होती, कारण वसूल करण्यासारखे निर्णय घ्यायला कौन्सिलांकडे फारसे काही राहिले नव्हते.

वरून खाली येणारा हा हात कधी कधी आपल्याला हवे तेही देतो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर जुन्या हॅम्पस्टेड बरोतले, म्हणजे आज कॅम्डेनमधले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतले. राहत्या घराचे संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने कौन्सिलचा निर्णय बाजूला सारून परवानगी दिली. निर्णय योग्यच झाला. तरीही तो निवडून आलेल्या स्थानिक सभेच्या डोक्यावरून झाला, हे नोंदवून ठेवायला हवे, कारण उद्या असाच हात मुंबईच्या किंवा नाशिकच्या सभेच्या डोक्यावरून जाईल तेव्हा आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

मुंबईत तर तो केव्हाच गेला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत मतदान झाले नाही. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. सेंट पॅनक्रासमध्ये महायुद्धामुळे मतदान थांबले, पण सभा थांबली नव्हती; इथे युद्ध नव्हते आणि सभाही नव्हती. या दिरंगाईविरुद्ध जे लिहिले-बोलले गेले ते योग्यच होते. परंतु निवडणूक झाली म्हणजे प्रश्न मिटला, असा जो सूर त्यातून निघाला तो मला मान्य नाही. १८८८ च्या कायद्यापासून मुंबईत अंमलबजावणीची सत्ता आयुक्ताकडे आहे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. सेंट पॅनक्रासमध्ये समित्या स्वतः कारभार करीत. १ जुलै २०१७ ला जकात गेली, म्हणजे उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्थानिक स्रोत जाऊन त्याच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. राहता राहिली मालमत्ता करवसुली. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचे वचन शिवसेनेने २०१७ च्या महापालिका निवडणुकीत दिले. पालिकेची सत्ता हाती असूनही ते पालिकेच्या सभागृहात पुरे होऊ शकले नाही. २०१९ मध्ये सूट मिळाली ती करातल्या एका भागापुरती, आणि पूर्ण माफीचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. करमाफी चांगली की वाईट हा वेगळा विषय आहे. मत नगरसेवकाला, कर महापालिकेचा, आणि निर्णय मंत्रालयात, ही रचना मात्र १९६२ च्या सेंट पॅनक्रासपेक्षा वेगळी नाही.

यावर उपाय म्हणून दर वेळी त्र्याहत्तराव्या-चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे नाव घेतले जाते, आणि सर्व अधिकार खाली द्यावेत अशी मागणी होते. ती करत राहावी, पण राज्य सरकारे स्वतःहून ते देतील या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. त्याआधी एक लहान गोष्ट करता येईल. महापालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत पक्षांनी जाहीरनाम्यातल्या प्रत्येक वचनापुढे, ते पुरे करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने सभागृहाला आहे, हे छापावे. आणि अधिकार राज्याचा असेल तर ‘राज्याकडे मागणी करू’ एवढेच लिहावे. पक्ष हे आपणहून करणार नाहीत, तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि नागरिकांच्या संघटनांनी जाहीरनामे हातात घेऊन ही छाननी करायला हवी. तसे केले तर बरेचसे जाहीरनामे दोन पानांवर येतील आणि पक्ष त्याला हरकत घेतील. घेऊ द्यावी.